आधी चिठ्ठीचा अधिकार, मग सुई : ब्रिटनमध्ये एस्थेटिक नर्स व्हायचं तर

"ताई, दोन दिवसांचा कोर्स आहे. बोटॉक्स आणि फिलर दोन्ही शिकवतात, सर्टिफिकेटही देतात. भरू का पैसे?"

असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणारी मुलगी बहुधा मिरज, नाशिक नाहीतर लातूरहून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेली असते. एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या वॉर्डात वर्षभर काढलेलं असतं. बारा-बारा तासांच्या ड्युट्या आणि नाइट करून पाय भरून आलेले असतात, आणि इन्स्टाग्रामवर पांढऱ्या कोटातली कुणी एस्थेटिक नर्स, म्हणजे सौंदर्यासाठी इंजेक्शनं देणारी नर्स, हसताना दिसते. मी दरवेळी सांगते, पैसे भरू नकोस, अजून नाही. आणि मग हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगते. आज ते एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

मी सोलापूरला शिकले, इंग्लंडमध्ये सर्जिकल वॉर्डात काम केलं आणि गेली सात वर्षं चेहऱ्याच्या इंजेक्शनांचं काम करते आहे. हे काम मला मनापासून आवडतं. म्हणूनच घाईने आलेल्या मुलींचे हाल बघवत नाहीत.

हे काम नेमकं काय

बाहेरून एकच वाटतं, पण आत दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली बोट्युलिनम टॉक्सिन. बोटॉक्स हे त्यातल्या एका कंपनीचं नाव, पण सगळे तेच म्हणतात. हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं आणि स्नायू सैल पडतो. ते आधी डोळ्यांच्या उपचारांत आलं. कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स पापण्या आवळल्या जाण्याच्या विकारावर ते देत होत्या. तेव्हा रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही गेल्याचं लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर निबंध छापला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत आठ्यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे लागतात, आणि तीन-चार महिन्यांनी उतरतो.

दुसरी फिलर. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या जेलचे असतात. ओठ, गाल, हनुवटी, नाकापासून ओठाच्या कडेपर्यंतची घडी अशा जागी ते भरतात. इथे स्नायूचा संबंध नाही, जागा भरायची असते.

ब्रिटनच्या कायद्यात या दोघांची घरंही वेगळी आहेत, आणि नवख्या नर्सला हे कुणी सांगत नाही. टॉक्सिन हे चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे. फिलर हे कायद्याच्या लेखी औषधच नाही. त्यामुळे फिलर विकत घ्यायला चिठ्ठी लागत नाही आणि पार्लरवालीही ते टोचू शकते. २०१३ साली एनएचएसचे तेव्हाचे वैद्यकीय संचालक सर ब्रूस किओ यांच्या समितीने याच त्रुटीवर बोट ठेवलं होतं. फिलर घेणाऱ्या माणसाला बॉलपेन किंवा टूथब्रश घेणाऱ्याइतकंच संरक्षण आहे, अशा अर्थाचं त्या अहवालात लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच गोष्टी हलल्या. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या कुणालाही सौंदर्यासाठी यातलं कुठलंच इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या हेल्थ अँड केअर अ‍ॅक्टने सरकारला परवाना पद्धत आणायचा अधिकार दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यात बोटॉक्स आणि फिलरसाठी स्थानिक कौन्सिलचा परवाना लागेल असं म्हटलं आहे. म्हणजे दार बंद होत नाहीये, चौकट येते आहे. शिकून-सवरून येणाऱ्या नर्सला ही चौकट फायद्याचीच आहे.

पहिली पायरी : रजिस्टर आणि वॉर्ड

नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय इथे कुणी नर्स नाही. इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी, संगणकावरची परीक्षा, मग इथे येऊन ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा आणि शेवटी पिन म्हणजे नोंदणी क्रमांक, हा रस्ता बहुतेकींना ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

पिन मिळाल्यावर निदान दोन वर्षं वॉर्डात, थिएटरमध्ये किंवा इमर्जन्सीत काढा. जखम कशी भरते, सूज कोणती साधी आणि कोणती घातक, अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) समोर आल्यावर हात थरथरू न देता अ‍ॅड्रेनलिन कसं द्यायचं, हे खाजगी क्लिनिकच्या सुगंधी खोलीत शिकता येत नाही. तिथे तुम्ही एकट्या असता. रुग्ण अचानक कोसळला तर वॉर्डासारखं क्रॅश कॉलला कुणी धावत येत नाही.

दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण असतं : ४५० तासांचं काम आणि ३५ तासांचं शिक्षण, त्यातले २० तास इतरांबरोबर घेतलेलं. एस्थेटिक्सला गेल्यावरही हे चुकत नाही. पहिल्या दिवसापासून कागद एका फाइलला लावत जा.

मधली एक वाट, जी फार थोड्या जणी घेतात

खाजगी क्लिनिकच्या आधी टॉक्सिन शिकायची उत्तम जागा एनएचएसमध्येच आहे, ती म्हणजे मायग्रेनची इंजेक्शन क्लिनिक. २०१२ साली नाइसने (एनएचएसमध्ये कुठले उपचार द्यायचे ते ठरवणारी संस्था) क्रॉनिक मायग्रेनसाठी बोट्युलिनम टॉक्सिनला मान्यता दिली. किमान तीन प्रतिबंधक औषधं लागू पडली नसतील अशा रुग्णांना ते मिळतं. ठरलेल्या पद्धतीत १५५ युनिट, डोकं-मानेवरच्या ३१ जागी, दर बारा आठवड्यांनी देतात. बऱ्याच ठिकाणी ही क्लिनिक स्पेशालिस्ट नर्स चालवते.

आता बघा, यात कपाळ, भुवयांमधली जागा, कानशील, मान, सगळं येतं. एका सकाळी आठ-दहा रुग्ण. शेजारच्या खोलीत कन्सल्टंट. विमा ट्रस्टचा, म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेचा. आणि समोरचा माणूस सुरकुतीसाठी नाही, डोकेदुखीने जगणं मुश्किल झालंय म्हणून आलेला असतो. तिथे हात बसतो, आणि टॉक्सिन म्हणजे नेमकं काय देतोय याची जाणही पक्की होते. जास्त घाम येणं, पक्षाघातानंतरचं स्नायूंचं आखडणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, या क्लिनिकमध्येही असंच शिकायला मिळतं. न्यूरॉलॉजीत बँड ६ ची (स्टाफ नर्सच्या वरच्या पगारश्रेणीची) जागा निघाली तर सोडू नका. पुढे सौंदर्याचं काम केलं नाही तरी हे कौशल्य आयुष्यभर पुरतं.

दुसरी पायरी : व्ही-३००

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानते. इथे थोडं थांबते.

व्ही-३०० म्हणजे नर्सला स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार देणारा विद्यापीठाचा कोर्स. अर्ज करण्याआधी निदान एक वर्ष रजिस्टरवर असावं लागतं. साधारण सहा महिने चालतो. बहुतेक विद्यापीठांत २६ दिवस शिकणं आणि ९० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम असतं. औषधशास्त्राचा पेपर, आकडेमोडीचा पेपर, रुग्ण तपासण्याची परीक्षा. आकडेमोडीत पूर्ण गुण लागतात, त्यात सवलत नाही. तुमच्या कामावर देखरेख ठेवणारा अनुभवी प्रिस्क्रायबर, म्हणजे चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस, तुम्हालाच शोधावा लागतो. ट्रस्टमध्ये असाल आणि तुमच्या कामाला याची गरज असेल, तर फी ट्रस्ट भरण्याची शक्यता असते. वॉर्ड मॅनेजरला विचारायला लाजू नका. मायग्रेन क्लिनिकमधल्या नर्सला हे विचारणं किती सोपं, हे वेगळं सांगायला नको.

आता हे इतकं महत्त्वाचं का? तुम्ही प्रिस्क्रायबर नसाल, तर प्रत्येक रुग्णासाठी टॉक्सिन दुसऱ्याने लिहून द्यावं लागतं. पूर्वी काही जणी फोनवर किंवा व्हिडिओवर एखाद्या प्रिस्क्रायबरकडून चिठ्ठी मिळवायच्या. डॉक्टरांना ही मुभा २०१२ पासूनच नव्हती. नर्सनाही १ जून २०२५ पासून राहिलेली नाही. आता लिहून देणाऱ्या नर्सने रुग्णाला समोरासमोर बघितलंच पाहिजे. म्हणजे स्वतःकडे अधिकार नसेल, तर प्रत्येक रुग्णामागे एक प्रिस्क्रायबर खोलीत आणावा लागेल आणि त्याचे पैसे द्यावे लागतील. क्लिनिकही नोकरीला घेताना आधी हेच विचारतात.

पण पैशाहून मोठं कारण दुसरंच आहे. ते खाली अपघाताच्या भागात सांगते.

तिसरी पायरी : इंजेक्शनांचं शिक्षण

मी स्वतः इथेच चुकले होते. पहिला कोर्स घेतला तो एका हॉटेलच्या सभागृहात. सकाळी स्लाइड, दुपारी चौदा जणींमध्ये तीन मॉडेल. माझ्या वाट्याला कपाळावरचे दोन टोचे आले. संध्याकाळी चकचकीत सर्टिफिकेट मिळालं. घरी येऊन ते कपाटात ठेवलं आणि दोन दिवस मला झोप लागली नाही. हातात कागद होता, पण उद्या कुणी समोर बसलं तर काय करायचं ते कळत नव्हतं.

दुसऱ्यांदा मी विद्यापीठाशी जोडलेला लेव्हल ७ चा अभ्यासक्रम निवडला. लेव्हल ७ म्हणजे एमए-एमएस्सीच्या पातळीचा. त्यात नोंदवही असते, ठरावीक संख्येने रुग्ण देखरेखीखाली करावे लागतात, आणि शेवटी तुम्ही रुग्णाशी बोलत असताना, टोचत असताना परीक्षक शेजारी उभा राहतो. खर्च जास्त आणि वेळही जास्त. पण याच कोर्सने मला काम शिकवलं.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी हे विचारा. एका शिक्षकामागे किती जणी? मी स्वतः किती रुग्णांना, कुठल्या भागात इंजेक्शन देणार? शिकवणारी व्यक्ती अजून रुग्ण बघते का? फिलर रक्तवाहिनीत गेला तर काय करायचं, हे सरावाने शिकवता की स्लाइडवर? कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी मला अडचण आली तर फोन कुणाला करायचा? आणि या कोर्सवर विमा कंपनी मला विमा देईल का, हे लेखी द्या. शेवटच्या दोन प्रश्नांवर जी संस्था गुळमुळीत बोलते, तिथून उठून या.

जॉइंट कौन्सिल फॉर कॉस्मेटिक प्रॅक्टिशनर्स ही संस्था २०१८ पासून शिक्षणाचे निकष आणि प्रॅक्टिशनरचं स्वेच्छेचं रजिस्टर सांभाळते. तिथली यादी बघा. एस्थेटिक नर्सची स्वतःची संघटनाही आहे, तिच्या विभागवार बैठका होतात. नवीन असताना एका बैठकीत जाऊन नुसतं कोपऱ्यात बसा. दहा कोर्सच्या जाहिराती वाचून कळत नाही ते तिथे चहाच्या वेळी कळतं.

ट्रेवर काय घडतं

एक छोटी गोष्ट जवळून दाखवते, म्हणजे हे काम किती बारकाईचं आहे ते लक्षात येईल.

बोटॉक्सची १०० युनिटची बाटली. आत पूड इतकी थोडी की तळाशी नुसता धुरकट थर दिसतो. त्यात अडीच मिलीलीटर सलाइन हळूहळू कडेने सोडायचं. सलाइन आत ओढलं जातं, कारण बाटलीत निर्वात असतो. ते ओढलं गेलं नाही तर बाटली बाजूला ठेवायची. मग जोरात हलवायचं नाही, बोटांमध्ये फिरवायचं. आता ०.१ मिलीलीटरमध्ये ४ युनिट आले. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागा, प्रत्येकी ४, एकूण २०. हा माहितीपत्रकातला डोस.

आता शेजारच्या फ्रिजमध्ये अझॅल्युर आहे. तेही बोट्युलिनम टॉक्सिनच, पण त्याचे युनिट वेगळ्या मापाचे, स्पेवुड पद्धतीचे. त्याच पाच जागांना तिथे ५० युनिट लागतात. बोक्युचर या तिसऱ्या कंपनीच्या टॉक्सिनचं गणित पुन्हा बोटॉक्ससारखं. ज्या नर्सने बाटलीवरचं नाव न वाचता "युनिट म्हणजे युनिट" असं मानलं, तिचा डोस अडीच पटीने चुकला. व्ही-३०० मध्ये आकडेमोडीला पूर्ण गुण का मागतात, ते इथे कळतं.

बाहेरच्या दोन जागा डोळ्याच्या वरच्या हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर. खाली गेलात तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूकडे झिरपतं आणि पापणी आठवडेच्या आठवडे ओघळलेली राहते. कपाळाचंही तसंच. भुवई वर उचलणारा मोठा स्नायू तो एकच. पन्नाशीपुढच्या ज्या बाईच्या पापण्या आधीच जड झाल्यात, ती दिवसभर कपाळाने भुवया उचलून धरत असते. तिच्या कपाळाच्या आठ्या पुसायला गेलात तर भुवया खाली येतात आणि ती म्हणते, "सिस्टर, मला दिसायला कमी झालं." म्हणून टोचण्याआधी पाच मिनिटं तिच्याशी नुसत्या बोला आणि कपाळ काय करतंय ते बघत रहा.

बाटल्या मान्यताप्राप्त फार्मसीकडूनच घ्या. २०२५ च्या जून-जुलैत इंग्लंडमध्ये सौंदर्याच्या इंजेक्शनांनंतर बोट्युलिझमचे, म्हणजे याच टॉक्सिनच्या विषबाधेचे, ३८ रुग्ण नोंदले गेले. पापण्या उघडेनात, गिळता येईना, उच्चार अस्पष्ट झालेले. स्वस्त, विनापरवाना औषधाचा संशय होता.

अपघात : याच्यासाठीच सगळी तयारी

टॉक्सिनचं चुकलं तर वेळ औषध असतो, तीन-चार महिन्यांत उतरतं. फिलरचं तसं नाही. जेल रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिला दाबलं, तर पुढच्या त्वचेला रक्त मिळत नाही आणि ती मरते. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. दाबाने जेल उलटं गेलं तर दृष्टी जाते, आणि ती परत आणायला मिनिटंच हातात असतात. रुग्ण "दिसत नाहीये" म्हणाला की त्याच क्षणी ९९९ ला, इथल्या आपत्कालीन नंबरला फोन.

एक संध्याकाळ सांगते. साडेसहाला मी क्लिनिक बंद करत होते. पंचेचाळिशीची एक पंजाबी बाई दारात आली. दुपारी कुठल्यातरी पार्लरमध्ये नाकाशेजारची घडी भरून घेतली होती. दुखत होतं. तिथल्या मुलीने "बर्फ लावा, उतरेल" म्हणून सांगितलं होतं. गव्हाळ-सावळा रंग. पुस्तकात लिहिलेला पांढरेपणा काही दिसत नव्हता. मी तिला खिडकीशी बसवलं, डाव्या गालावर अंगठा दाबून सोडला. मनात "एक" म्हणेपर्यंत रंग परतला. उजव्या गालावर दाबून सोडला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग वरचा ओठ उलटून आतली बाजू बघितली. डावीकडे गुलाबी, उजवीकडे फिकट. आणि नाकाच्या पाळीखाली, नीट बघितलं तरच दिसेल अशी निळसर जाळी.

फ्रिजशेजारच्या डब्यात हायलेज होतं, हायल्युरॉनिडेज, फिलर विरघळवणारं एन्झाइम. १५०० युनिटची कुपी. (ब्रिटनमध्ये ते वोखार्टचं मिळतं, आपल्या मुंबईच्या. त्या दिवशी कुपीवरचं ते नाव बघून मला उगाच धीर आला होता.) तिला कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून त्रास झाला होता का, ते विचारलं, कारण त्या विषातही हेच एन्झाइम असतं. अ‍ॅड्रेनलिन काढून हाताशी ठेवलं. बर्फ नाही, कोमट शेक. सगळ्या अंधारलेल्या भागात हायलेज, मालिश, तासभर थांबणं, पुन्हा मोजणं. पुन्हा. तिसऱ्या फेरीनंतर, रात्री साडेनऊला, उजव्या गालावर "दोन" म्हणताना रंग परतला. आठवडाभर मी तिला रोज बोलावून बघितलं. नाकाच्या पाळीशी एक छोटी खपली धरली, तीही गेली.

आता चिठ्ठीच्या अधिकाराची गोष्ट. हायल्युरॉनिडेज हेही चिठ्ठीवरचंच औषध आहे. म्हणजे ज्या फिलरला चिठ्ठी लागत नाही, त्याचा उतारा मात्र प्रिस्क्रायबरशिवाय मिळत नाही. मी प्रिस्क्रायबर नसते, तर साडेसहाला डबा समोर असूनही मी फोन फिरवत बसले असते आणि त्या बाईचं नाक वाट बघत राहिलं असतं. म्हणून मी म्हणते, आधी व्ही-३००, मग फिलर. ज्याचा उतारा स्वतःच्या हाताने देता येत नाही, ते हातात घेऊ नका.

आणखी एक. आपल्या रंगाच्या त्वचेवर हे ओळखणं कठीण जातं, कारण प्रशिक्षणातले बहुतेक फोटो गोऱ्या चेहऱ्यांचे असतात. दाबून-सोडून मोजायचं, दोन्ही बाजू ताडून बघायच्या, ओठाच्या आतून बघायचं, ही सवय तुम्ही घरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर आजपासून लावू शकता. लेस्टर, हॅरो, साउथॉल, बर्मिंगहॅम, इथे आपल्यासारख्याच त्वचेच्या बायका येतात. टोचल्या जागी काळा डाग राहील का, ही त्यांची पहिली काळजी असते. ही काळजी न सांगता समजणारी नर्स त्यांना हवी असते.

नाही म्हणायला शिकणं

पहिल्या भेटीत इंजेक्शन देऊ नका. बोला, फोटो काढा, धोके समजावून सांगा, लेखी द्या, घरी पाठवा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर टॉक्सिन नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असेल तर नाही. चेहऱ्यावर कुठे पू किंवा नागीण असेल तर आज नाही.

लग्नसराईत हमखास येणारा प्रसंग : हळद चार दिवसांवर, आई मुलीला घेऊन येते, "जरा ओठ भरून द्या, फोटोत छान दिसेल." चार दिवसांत सूज उतरेल याची खात्री नाही आणि निळा डाग पडला तर तो लग्नाच्या अल्बममध्ये कायमचा राहील. मी हात जोडते आणि नाही म्हणते. मुलीचं स्वतःचं काय म्हणणं आहे, ते आईला बाहेर बसवून विचारते.

आणि जी स्वतःचाच फोटो फोनवर बदलून आणते, दर महिन्याला नवा दोष दाखवते, आरशासमोरून हलत नाही, तिचा आजार चेहऱ्याचा नसतो. तिला जीपीकडे, म्हणजे तिच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवणं हेच तिच्यासाठी योग्य आहे. तिने त्या दिवशी दिलेले पैसे तुम्हाला कधीच पचणार नाहीत.

नोकरी आणि स्वतःचं क्लिनिक

सुरुवात कुणाच्या तरी हाताखाली करा. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं खाजगी रुग्णालय, मोठ्या क्लिनिकची साखळी, नाहीतर अनुभवी नर्स प्रिस्क्रायबरचं छोटं क्लिनिक. आठवड्यातून एक-दोन दिवस, बाकी एनएचएसची नोकरी चालू. पगार, रजा, पेन्शन सांभाळून शिकायचं. दोन-तीन वर्षांनी पुढे रस्ते फुटतात : सिनियर इंजेक्टर, प्रशिक्षक, लेसर आणि त्वचेचे इतर उपचार, क्लिनिकल मॅनेजर, किंवा स्वतःचं क्लिनिक. अपघात निस्तरण्यात हातखंडा असलेल्या नर्स फार थोड्या आहेत, त्यांना सतत विचारणा होते.

व्हिसावर असाल तर स्वतःचा धंदा सुरू करण्याआधी किंवा दुसरी नोकरी धरण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. स्पॉन्सरशिपच्या अटी मोडल्या तर बोटॉक्स राहू द्या, नर्सिंगही हातचं जाईल. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात "फक्त ओळखीच्यांना" म्हणून दिलेलं इंजेक्शनही त्यातच येतं.

विमा वेगळा काढा. ट्रस्टचं संरक्षण ट्रस्टच्या कामापुरतं. प्रत्येक उपचाराचं नाव पॉलिसीत लिहिलेलं आहे ना, बघा. हायल्युरॉनिडेजचंही.

स्कॉटलंडमध्ये नर्सच्या खाजगी क्लिनिकची २०१६ पासून हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट स्कॉटलंड या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. इंग्लंडमध्ये केवळ सुरकुत्यांच्या कामाला केअर क्वालिटी कमिशन या आरोग्यसेवांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी लागत नाही, पण घाम किंवा दात खाण्याच्या त्रासासाठी टॉक्सिन दिलंत की तो आजाराचा उपचार झाला, मग लागते. सौंदर्याच्या कामाला व्हॅटमध्ये (विक्रीवरच्या करात) वैद्यकीय सूट धरू नका. बारा महिन्यांची उलाढाल ९० हजार पाउंडांवर गेली की व्हॅटची नोंदणी करावी लागते.

जाहिरातीत बहुतेक जणी पहिल्याच आठवड्यात चुकतात. चिठ्ठीवरच्या औषधाची जाहिरात जनतेपुढे करता येत नाही. वेबसाइट, पोस्ट, हॅशटॅग, दरपत्रक, कुठेही बोटॉक्स हा शब्द नको. "सुरकुत्यांविषयी सल्ला" असं लिहा. २०२० पासून यावर कडक नजर आहे.

भारतात हे चालतं का

पुण्या-मुंबईहूनही मला फोन येतात, म्हणून स्पष्ट लिहिते. भारतात ही इंजेक्शनं देण्याचं काम डॉक्टरांचं आहे, मुख्यतः त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांचं. नर्सला स्वतःच्या नावावर चिठ्ठी लिहून ती देण्याचा अधिकार नाही, आणि कुठल्याही अकादमीचं सर्टिफिकेट तो देऊ शकत नाही. "नर्स आणि ब्युटिशियनसाठी बोटॉक्स कोर्स" अशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. ब्रिटनचं व्ही-३०० घेऊन परत गेलात तरी तिथे चिठ्ठी चालणार नाही. त्वचेच्या क्लिनिकमध्ये नर्सला काम मात्र भरपूर आहे : उपचाराची तयारी, फोटो, डॉक्टरांच्या शेजारी ट्रे सांभाळणं, नंतरची देखभाल, रुग्णांचं समुपदेशन.

तुम्ही अजून महाराष्ट्रातच असाल आणि पुढे इकडे यायचा विचार असेल, तर आत्ता बर्न्स वॉर्ड, प्लास्टिक सर्जरी, ऑपरेशन थिएटर किंवा स्किनची ओपीडी मागून घ्या. मेट्रनना जाऊन भेटा. चेहऱ्याच्या जखमांचं ड्रेसिंग करताना धमन्यांचा नकाशा हाताला जितका कळतो तितका पुस्तकातून कळत नाही. नोकरी सोडताना अनुभवाच्या पत्रावर नुसतं "स्टाफ नर्स" नको, विभागाचं नाव आणि तारखा घालून घ्या. दहा वर्षांनी लेव्हल ७ च्या अर्जासोबत मला ते पत्र जोडायचं होतं, आणि सोलापूरला पाच फेऱ्या मारून माझ्या भावाने ते मिळवून पाठवलं.